पदवीनंतरची परिचारिका : ब्रिटनमधील नोंदणीपूर्व पदव्युत्तर परिचर्या-शिक्षण आणि त्यातील भाषाव्यवहार

ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत 'एम.एस्सी. अडल्ट नर्सिंग, प्री-रजिस्ट्रेशन' अशा नावाने चालणारा अभ्यासक्रम मराठीत समजावून सांगू लागले की नावापाशीच अडखळायला होते. 'अडल्ट नर्स' या पदाचे 'प्रौढ परिचारिका' असे शब्दशः भाषांतर केले, तर मराठी वाचकापुढे उभी राहते ती चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली परिचारिका. विशेषण मुळात रुग्णाचे. मराठीत ते परिचारिकेला जाऊन चिकटते. 'प्रौढ-रुग्ण परिचर्या' असे म्हटल्याने अर्थ सावरतो, मात्र पद जड होते. 'जनरल नर्सिंग' हा भारतात रुळलेला शब्द त्याच्या बराच जवळचा आहे, आणि खुद्द ब्रिटनमध्येही १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तोच प्रचारात होता. 'प्रोजेक्ट २०००' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिक्षणसुधारणेनंतर 'जनरल'च्या जागी 'अडल्ट' आले. सर्वसाधारण आणि विशेष या विभागणीऐवजी रुग्णाच्या अवस्थेवरून केलेली विभागणी स्वीकारली गेली आणि प्रौढ, बालक, मानसिक आरोग्य व अध्ययन-अक्षमता ही चार क्षेत्रे ठरली. नोंदणी यांपैकी एका (क्वचित दोन) क्षेत्रांत होते.

'पदव्युत्तर' या शब्दाने होणारा गैरसमज याहून मोठा आहे. भारतात एम.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळतो तो परिचर्येतील पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी असलेल्या, शिवाय अनुभव गाठीशी असलेल्या परिचारिकेला. दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर परिचर्या महाविद्यालयात १९५९ साली हे शिक्षण सुरू झाले तेव्हापासून त्याचा हेतू अध्यापक आणि विशेषज्ञ घडवण्याचा राहिला आहे. म्हणजे इथे पदव्युत्तर पदवी हा व्यवसायाचा वरचा मजला आहे. ब्रिटनमधील नोंदणीपूर्व एम.एस्सी. हे त्याच व्यवसायाचे प्रवेशद्वार आहे. तिथे येणाऱ्या विद्यार्थ्याने पूर्वी जीवशास्त्र, मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र यांत पदवी घेतलेली असते; काही विद्यापीठे आरोग्याशी संबंधित पदवीचाच आग्रह धरतात, तर काहींना कोणत्याही विषयाची पदवी चालते. इंग्रजी साहित्याचा वा इतिहासाचा पदवीधर दोन वर्षांत नोंदणीकृत परिचारक होऊ शकतो. 'पदव्युत्तर' याचा अर्थ येथे 'दुसऱ्याच कुठल्या तरी पदवीच्या नंतर' एवढाच. मानव्यविद्येत घेतलेले शिक्षण रुग्णाच्या खाटेपाशी नेमके कशात मोजले जाते, हा प्रश्न या व्यवस्थेने प्रशासकीय पातळीवर विचारलेला आहे. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला तो परका वाटू नये.

प्रश्नाची मुळे जुनी आहेत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. तिथे सामान्य उमेदवार स्त्रियांच्या जोडीने स्वखर्चाने शिकणाऱ्या उच्चवर्गीय 'लेडी प्रोबेशनर' घेतल्या जात आणि पुढे मेट्रनच्या जागा बहुधा त्यांच्याकडे जात. शिक्षण आणि सामाजिक प्रतिष्ठा यांची सांगड घातली गेली ती अशी आरंभीच. पुढे नोंदणीचा वाद पेटला. एथेल बेडफर्ड फेन्विक यांनी परिचारिकांची वैद्यकांप्रमाणे सरकारी नोंदवही असावी यासाठी तीस वर्षे लढा दिला, तर नाइटिंगेल यांचा नोंदणीला विरोध होता. चांगल्या परिचारिकेचे गुण परीक्षेच्या कागदावर उतरत नाहीत, चारित्र्य सार्वजनिक परीक्षेने पारखता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. नाइटिंगेल १९१० मध्ये वारल्या. १९१९ मध्ये नोंदणीचा कायदा झाला आणि नोंदवहीत पहिला क्रमांक फेन्विकबाईंना मिळाला. वाद मात्र संपला असे म्हणता येत नाही. आजही विद्यार्थ्याला शेवटी दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : मोजता येणारे प्रावीण्य आणि विद्यापीठाने हमी द्यावयाचे 'चांगले आरोग्य व चांगले चारित्र्य'. फेन्विक आणि नाइटिंगेल या दोघींचेही म्हणणे एकाच अर्जात सामावलेले आहे.

पदवीधरांना वेगळ्या, आखूड वाटेने परिचर्येत आणण्याची कल्पना युद्धकाळात बळावली. १९१८च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील व्हॅसर कॉलेजात पदवीधर स्त्रियांसाठी शिबिर भरवले गेले. तीन महिन्यांच्या कसून घेतलेल्या सैद्धान्तिक शिक्षणाच्या मोबदल्यात त्यांना रुग्णालयातील तीन वर्षांच्या उमेदवारीत सूट मिळाली. पूर्वशिक्षणाला तासांची किंमत देण्याचे हे एक जुने उदाहरण. त्याच युद्धात इंग्लंडमध्ये याच्या उलट घडले. ऑक्सफर्डला साहित्य शिकायला गेलेली व्हेरा ब्रिटन १९१५ मध्ये अभ्यास सोडून स्वयंसेवी परिचारिका झाली. 'टेस्टामेंट ऑफ यूथ' (१९३३) या तिच्या आत्मकथनात जखमी सैनिकांच्या वर्णनांइतकाच प्रशिक्षित परिचारिका आणि सुशिक्षित स्वयंसेविका यांच्यातला ताण जाणवतो. कामात पारंगत असलेल्यांना पुस्तकात पारंगत असलेल्यांचा वाटणारा संशय, आणि त्याच्या उलटही. युद्ध संपल्यावर ती ऑक्सफर्डला परतली तेव्हा तिने साहित्य सोडून इतिहास घेतला. हा तपशील साहित्याच्या इतिहासात सहसा नुसता नोंदवून सोडून दिला जातो; परिचर्येच्या इतिहासाशेजारी ठेवला म्हणजे त्याला वेगळे वजन येते. रुग्णालयातून परतलेल्या व्यक्तीला आपल्या जुन्या विषयाकडे त्याच दृष्टीने पाहता आले नाही.

इंग्लंडमध्ये २००९ साली जाहीर झालेल्या निर्णयानुसार सप्टेंबर २०१३ पासून सर्व परिचर्या-शिक्षण किमान पदवीपातळीवर आले. पदविका बंद झाल्या. त्याच वर्षी मिड स्टॅफर्डशायर येथील रुग्णालयातील भीषण हेळसांडीवरचा फ्रान्सिस अहवाल प्रसिद्ध झाला, आणि परिचारिका शिकल्यामुळे रुग्णाला अंघोळ घालण्यात त्यांना कमीपणा वाटू लागला आहे, अशी कुजबुज वृत्तपत्रांतून मोठ्याने होऊ लागली. दोन्ही गोष्टींचा कालक्रम एकत्र आला, कार्यकारणसंबंध नव्हे : अहवालात वर्णिलेल्या घटना मुख्यतः २००५ ते २००९ या काळातल्या, म्हणजे पदवीची सक्ती होण्याच्या आधीच्या होत्या. उलट, २०१४ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, नऊ युरोपीय देशांतील तीनशे रुग्णालये आणि चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांचा समावेश असलेल्या अभ्यासात, पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले की रुग्ण दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी घटलेली आढळली. त्याच अभ्यासात दर परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ती शक्यता सात टक्क्यांनी वाढतही होती. पहिला निष्कर्ष विद्यापीठे आवडीने सांगतात. दुसरा तेवढ्याच आवडीने सांगितला जात नाही, कारण त्याला पैसे लागतात.

अभ्यासक्रमाची मांडणी तासांवर उभी आहे. युरोपीय संघाच्या २००५च्या व्यावसायिक पात्रताविषयक निर्देशाने ४,६०० तासांचे किमान शिक्षण ठरवून दिले. संघातून बाहेर पडल्यानंतरही ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने, म्हणजे २००२ पासून नोंदवही सांभाळणाऱ्या नियामक संस्थेने, ही मर्यादा राखली. निम्मे तास सिद्धान्ताचे, निम्मे प्रत्यक्ष सेवेचे. प्रत्यक्ष सेवेच्या २,३०० तासांपैकी ६०० पर्यंत तास कृत्रिमरीत्या उभ्या केलेल्या प्रसंगांतून, म्हणजे 'सिम्युलेशन'मधून पूर्ण करण्याची मुभा २०२३ पासून आहे. तीन वर्षांचा हा भार दोन वर्षांत मावतो तो 'पूर्वशिक्षणाच्या मान्यते'मुळे. नोंदणी नसलेल्या विद्यार्थ्याला जास्तीत जास्त निम्म्या अभ्यासक्रमापर्यंत सूट देता येते. व्यवहारात ती साधारण एक तृतीयांशाच्या आसपास असते. मात्र आधीची पदवी दाखवली की सूट मिळाली असे होत नाही. विद्यार्थ्याने आपले पूर्वीचे शिक्षण आणि रुग्णसेवेचा अनुभव परिचर्येच्या अपेक्षित फलितांशी एकेक करून जुळवून दाखवावा लागतो. वृद्धाश्रमातले काम, रुग्णालयात मदतनीस म्हणून केलेली नोकरी, क्वचित घरच्या आजारी माणसाची काळजीही यासाठी पुरावा ठरते. साहित्याच्या पदवीधराला इथे आपल्या पदवीचे भाषांतर करावे लागते. संहितेचे सूक्ष्म वाचन करता येणे म्हणजे 'पुराव्याचे चिकित्सक मूल्यमापन', निवेदकावर कितपत विश्वास ठेवावा याचा विचार करता येणे म्हणजे 'रुग्णाच्या इतिहासाची नोंद'. भाषांतर थोडे ओढूनताणून केलेले वाटते आणि कधीकधी तसे असतेही. पण मूत्रपिंडाचे कार्य किंवा इन्शुलिनची मात्रा यांना अशा भाषांतराने पर्याय मिळत नाही. म्हणून मानव्यविद्येतून आलेल्यांचे पहिले वर्ष शरीरशास्त्र आणि औषधशास्त्र यांनी अक्षरशः कोंडलेले असते.

गणिताचीही तीच कथा. २०१०च्या मानकांनी नोंदणीच्या टप्प्यावर औषधमात्रेच्या गणितात शंभर टक्के गुणांची अट घातली. साहित्याच्या परीक्षेत सत्तर टक्के म्हणजे प्रथम श्रेणी. दशांशचिन्ह एक घर सरकले तर रुग्णाला दहापट औषध जाते, तेव्हा नव्वद टक्के बरोबर या म्हणण्याला अर्थ उरत नाही. मूल्यमापनाच्या या दोन संस्कृती एकाच विद्यार्थ्याच्या डोक्यात एका आठवड्यात नांदाव्या लागतात, आणि पदवीधर विद्यार्थ्यांची खरी दमछाक पुष्कळदा इथे होते.

प्रत्यक्ष सेवेच्या काळात विद्यार्थी वॉर्डात 'अतिरिक्त' म्हणून वावरतो; कर्मचारीसंख्येत त्याची गणना करू नये असा नियम आहे. रात्रपाळ्या, शनिवार-रविवार, बारा तासांच्या शिफ्ट यांतून मात्र सुटका नाही. त्याच्यावर देखरेख करणारा 'प्रॅक्टिस सुपरवायझर' वेगळा आणि त्याची परीक्षा घेणारा 'प्रॅक्टिस असेसर' वेगळा, अशी विभागणी २०१८च्या मानकांनी केली. रोज जो शिकवतो त्यालाच नापास करणे जड जाते, या साध्या मानवी अनुभवातून ती आलेली दिसते. त्याच मानकांत सात 'प्लॅटफॉर्म' आहेत आणि शेवटी दोन परिशिष्टे. पहिल्या परिशिष्टात संवाद व नातेसंबंध यांची कौशल्ये येतात. दुसऱ्यात शरीरावर करावयाच्या क्रिया. आधी बोलणे, ऐकणे आणि नोंद करणे, मग सुई आणि नळी. हा क्रम योगायोगाचा मानण्याचे कारण नाही.

वॉर्डाची भाषा विद्यार्थ्याला आधी परकीच वाटते. रुग्णाच्या प्रकृतीची घसरण वेळीच ओळखण्यासाठी ब्रिटनमध्ये २०१७ पासून 'न्यूज टू' ही गुणांकनपद्धती वापरली जाते. श्वसनाचा वेग, रक्तातील ऑक्सिजन, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि तापमान या सहा नोंदींना गुण दिले जातात. बेरीज पाचवर गेली की तातडीने तपासणी, सातवर गेली की आणीबाणी. आधीच्या आवृत्तीपेक्षा या आवृत्तीतली एक भर लक्षणीय आहे : रुग्णाच्या बोलण्यात नव्याने आलेला गोंधळ. आकड्यांच्या रकान्यात एक असा रकाना आला, की जो भरण्यासाठी रुग्णाशी बोलावे लागते. तेवढेच नव्हे, तर तो काल कसा बोलत होता हे ठाऊक असावे लागते. गोंधळ 'नवा' आहे हे सांगणे म्हणजे दोन निवेदनांची तुलना करणे. रात्रपाळीच्या परिचारिकेला हे ठरवायचे असते आणि त्यावर डॉक्टरला झोपेतून उठवायचे की नाही हे अवलंबून असते.

पाळी बदलताना दिला जाणारा 'हँडओव्हर' हा तर स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणावा इतका बांधीव आहे. परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, शिफारस या चार पायऱ्यांत प्रत्येक रुग्ण दोन-तीन मिनिटांत सांगून संपवायचा. संक्षेपाचे फायदे उघड आहेत. त्याची किंमत कोणती, हे इझाबेल मेंझिस या मनोविश्लेषक अभ्यासिकेने १९६० मध्येच दाखवून दिले होते. लंडनमधील एका रुग्णालयाच्या पाहणीत परिचारिका रुग्णाचा उल्लेख नावाने करण्याऐवजी खाटेच्या क्रमांकाने किंवा रोगग्रस्त अवयवाने करतात, असे त्यांना आढळले. मेंझिस यांनी यात परिचारिकांचा कठोरपणा पाहिला नाही. दुःखाच्या सततच्या सान्निध्यापासून स्वतःला वाचवण्यासाठी संस्थेनेच रचलेला तो बचाव आहे, असे त्यांनी मांडले. हा बचाव माणसांना वाचवत नाही, उलट काम सोडून जाण्याकडे ढकलतो, हे त्यांचे पुढचे निरीक्षण मात्र कमी उद्धृत होते. एखाद्या रूपकालंकाराचे, अंशाने समग्राचा निर्देश करणाऱ्या लक्षणेचे, संस्थात्मक कार्य काय असते याचा इतका स्पष्ट दाखला साहित्यशास्त्रातही सहज सापडणार नाही.

येथे मराठी-संस्कृत परंपरेतील शब्दांकडे वळणे अगत्याचे ठरते. इंग्रजी 'नर्स'च्या मुळाशी लॅटिनमधील पोषण करणे, दूध पाजणे हा अर्थ आहे. दाई आणि परिचारिका एकाच शब्दातून निघाल्या. 'परिचर्या' म्हणजे भोवती वावरणे. 'शुश्रूषा' मात्र 'श्रु' या धातूचे इच्छार्थक रूप : ऐकण्याची इच्छा. गुरूचे बोलणे ऐकू इच्छिणारा शिष्य तो शुश्रूषू. ऐकण्यावरून आज्ञा ऐकणे, त्यावरून सेवा करणे, आणि शेवटी रुग्णाची काळजी असा तिचा प्रवास झाला. धर्मशास्त्रात शुश्रूषा हे शूद्राचे आणि पत्नीचे कर्तव्य ठरले तेव्हा त्यातील 'इच्छा' गळून पडली होती. चरकसंहितेत वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी असे उपचाराचे चार पाय सांगितले आहेत आणि परिचारकाच्या अंगी उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी स्नेह आणि शुचिता असावी असे म्हटले आहे. ग्रंथात इतके मानाचे स्थान असलेले हे काम समाजात मात्र विटाळाचे मानले गेले. परक्या शरीराचा, त्याच्या मलमूत्राचा स्पर्श ज्या व्यवस्थेत जातीने ठरतो, तिथे परिचर्या हा 'चांगल्या घरच्या' मुलीचा व्यवसाय होणे अवघड होते. मॅडलीन हीली यांच्या 'इंडियन सिस्टर्स' (२०१३) या इतिहासग्रंथात या कलंकाची शतकभराची कहाणी सविस्तर आली आहे. पुण्याच्या सेवासदनाच्या माध्यमातून रमाबाई रानडे यांनी हिंदू स्त्रियांना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास प्रवृत्त केले, त्यामागचे धाडस या पार्श्वभूमीवर पाहावे लागते.

महाराष्ट्रातील रुग्णालयांत आजही नातेवाचक संबोधनांची एक उतरंड आहे. नोंदणीकृत परिचारिका 'सिस्टर', पुरुष असेल तर 'ब्रदर'. आया ती 'मावशी', वॉर्डबॉय 'मामा'. इंग्रजी नाते शिक्षणाचे, मराठी नाते अंगमेहनतीचे. रुग्णाचे नातेवाईक हा फरक कोणी न शिकवता पाळतात. ब्रिटनमध्ये 'सिस्टर' हे संबोधन नसून वॉर्डप्रमुखाचे पद आहे, आणि त्या जागी पुरुष आला की त्याला 'चार्ज नर्स' म्हणतात. १९१९च्या कायद्याने पुरुषांसाठी नोंदवहीचा वेगळा पुरवणी विभाग केला होता आणि तो शतकाच्या मध्यापर्यंत टिकला. भाषेत त्याची खूण अजून आहे.

ऐकण्याच्या या इच्छेला आजच्या शिक्षणात जे स्थान मिळाले आहे, ते चिंतनात्मक लेखनाच्या रूपाने. डोनाल्ड शॉन यांच्या १९८३च्या ग्रंथाने व्यवसायातील चिंतन ही कल्पना रूढ केली. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये अनुभवी परिचारिकांनी सांगितलेल्या प्रसंगकथांवरून नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंतचा प्रवास रेखाटला. आणि १९८८ मध्ये ग्रॅहम गिब्स यांनी वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष व कृतियोजना अशा सहा घरांचे एक चक्र काढून दिले. बेनर यांच्याकडे कथा हीच ज्ञानाचे वाहन होती. गिब्स यांच्या चक्रात कथेला पहिले घर मिळाले आणि उरलेली पाच घरे तिच्यातून काही तरी काढून घेण्यासाठी राखली गेली. ब्रिटनमधील परिचर्येच्या विद्यार्थ्यांत हे चक्र इतके रुजले, की दुःखद प्रसंगाचे वर्णनही आपोआप त्या घरांत जाऊन बसते. रुग्ण वारला, वाईट वाटले, संवाद चांगला झाला, वेदनाशामक उशिरा मिळाले, पुढच्या वेळी वेदनेची नोंद दर तासाला घेईन. अशा लेखनात शेवट आधीच ठरलेला असतो : निवेदक सुधारलाच पाहिजे. न सुधारलेला, न समजलेला, नुसता हादरलेला निवेदक या प्रकारात बसत नाही. जुन्या अध्यात्मपर आत्मकथनांत पश्चात्तापाचे जे स्थान, तेच इथे कृतियोजनेचे.

साहित्यातून आलेल्या विद्यार्थ्याला ही अडचण इतरांपेक्षा लवकर दिसते आणि अधिक छळते. त्याला विश्वसनीय आणि अविश्वसनीय निवेदक यांतला फरक ठाऊक असतो. आणि गुण मिळवण्यासाठी लिहिलेली कबुली कितपत विश्वसनीय, हा प्रश्न तो स्वतःलाच टाळू शकत नाही. शिवाय रुग्णाची ओळख लपवणे बंधनकारक. नाव बदलायचे, वॉर्ड सांगायचा नाही, ओळख पटेल असा तपशील गाळायचा. वास्तववादी कथनाची सारी ताकद ज्या तपशिलात असते तोच काढून घेऊन वास्तव सांगायचे, असा हा पेच आहे. काही विद्यार्थी त्यातून वाट काढतात ती स्वतःच्या शरीराच्या तपशिलांतून : हातमोज्यातला घाम, पहाटे चार वाजताची डोळ्यांची आग, मृताचे शरीर धुताना त्याच्याशी बोलत राहण्याची ज्येष्ठ परिचारिकेकडून उचललेली सवय. याच जातीचे उत्तम लेखन ख्रिस्टी वॉटसन यांच्या 'द लँग्वेज ऑफ काइंडनेस' (२०१८) या आत्मकथनात भेटते. वॉटसन वीस वर्षे परिचारिका होत्या आणि कादंबरीकारही. गिब्स यांच्या चक्राने जे लेखन घडत नाही ते त्यांच्या पुस्तकात घडते, कारण त्यांना प्रत्येक प्रसंगातून निष्कर्ष काढून कोणाला सादर करायचा नव्हता.

चिंतनलेखनाची एक कायदेशीर बाजूही पुढे आली. बालरुग्णाच्या मृत्यूच्या एका गाजलेल्या प्रकरणात २०१८ मध्ये एका प्रशिक्षणार्थी डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढले गेले (पुढे अपिलात ते परत आले), तेव्हा प्रामाणिकपणे लिहिलेले चिंतन उद्या आपल्याच विरुद्ध वापरले जाईल, ही भीती साऱ्या आरोग्यक्षेत्रात पसरली. २०१९ मध्ये आरोग्य व्यवसायांच्या नऊ नियामक संस्थांना चिंतनलेखनाचे महत्त्व पटवणारे संयुक्त निवेदन काढावे लागले. भीती निवेदनाने जात नाही. तिचा परिणाम विद्यार्थ्यांच्या गद्यावर होतो : कर्मणी प्रयोग वाढतात, 'मी' कमी होतो, चूक 'घडते', कोणी 'करत' नाही.

पैशाचा भाग थोडक्यात सांगता येतो, पण तो लहान नाही. इंग्लंडमध्ये परिचर्येच्या विद्यार्थ्यांची शिक्षणवृत्ती नव्या पदवी-विद्यार्थ्यांसाठी २०१७ मध्ये आणि पदव्युत्तरांसाठी २०१८ मध्ये बंद करून कर्जाची व्यवस्था आली. सप्टेंबर २०२० पासून वर्षाला किमान पाच हजार पौंडांचे, परत न करावयाचे साहाय्य सुरू झाले. पहिल्या पदवीचे कर्ज डोक्यावर असलेल्या, बहुधा घरसंसार असलेल्या तिशीतल्या माणसाला आठवड्याला साडेसदतीस तास विनावेतन वॉर्डात उभे राहून वर सुट्टीच्या दिवशी मदतनीस म्हणून पगारी काम करावे लागते. त्याच वॉर्डात, कधीकधी त्याच खाटांपाशी. एका दिवशी तो विद्यार्थी आणि दुसऱ्या दिवशी मदतनीस. गणवेशाचा रंग बदलतो आणि त्याला काय करू द्यायचे हेही बदलते.

या नोंदवहीत शिरण्याचे दुसरे दार परदेशात शिकलेल्या परिचारिकांचे आहे, आणि भारतीय परिचारिका, त्यांत केरळच्या सर्वाधिक, पण महाराष्ट्र आणि गोव्यातल्याही, त्या दाराने जातात. त्यांना नोंदणीपूर्व एम.एस्सी. करावी लागत नाही. संगणकावरची परीक्षा आणि प्रत्यक्ष कौशल्यांची चाचणी द्यावी लागते, आणि इंग्रजीचे प्रावीण्य दाखवावे लागते. आयल्ट्स परीक्षेत वाचन, श्रवण आणि संभाषण यांना सात गुण हवेत. लेखनाची अट मात्र डिसेंबर २०१८ मध्ये साडेसहावर आणली गेली, कारण उत्तम काम करणाऱ्या परिचारिका लेखनातच अडकत होत्या. एका दाराशी साहित्याच्या पदवीधराला त्याच्या लेखनकौशल्यासह आत घेऊन इन्शुलिन शिकवायचे, दुसऱ्या दाराशी इन्शुलिन हातात मुरलेल्या परिचारिकेला अर्ध्या गुणाची सवलत द्यायची. दोघीही आत गेल्यावर नियम एकच लागतो. एप्रिल २०१६ पासून दर तीन वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना ४५० तासांच्या कामाच्या आणि ३५ तासांच्या अध्ययनाच्या पुराव्याबरोबर पाच चिंतनलेख लिहावे लागतात आणि त्यांवर दुसऱ्या नोंदणीकृत व्यक्तीशी चर्चा करावी लागते. लातूरहून लीड्सला गेलेल्या परिचारिकेलाही रात्रपाळी संपवून, रुग्णाचे नाव बदलून, आपण काय पाहिले आणि काय केले हे पाच वेळा इंग्रजीत लिहावेच लागते.